अंगठा आणि एलेरॉन यांच्यामध्ये

रेडिओच्या इशाऱ्यावर उडणारं छोटं विमान मैदानावर घिरट्या घालायला लागलं, की सगळ्यांची नजर आकाशात खिळते. पण थोडा वेळ नजर खाली आणून उडवणाऱ्याच्या हातांकडे पाहावं. पोटाशी धरलेली एक पेटी, दोन स्टिक, त्यांवर दोन अंगठे. उजवा अंगठा जेमतेम दोन मिलिमीटर सरकतो आणि तीनशे मीटरवरचं विमान एका अंगावर कलून वळायला लागतं. त्या दोन मिलिमीटरांपासून या वळणापर्यंत जे घडतं ते इतकं थक्क करणारं आहे, की मला विमानाइतकंच त्या पेटीचंही वेड आहे.

स्टिकच्या बुडाशी एक इवलासा लोहचुंबक असतो. स्टिक हलली की तोही हलतो आणि शेजारचा सेन्सर बदललेलं चुंबकीय क्षेत्र मोजतो. एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हा सेन्सर चालतो. स्वस्तातल्या ट्रान्समीटरमध्ये त्याच्याऐवजी पोटेन्शिओमीटर असतो, पण काम तेच. अंगठा कुठे आहे याचा एक आकडा तयार होतो. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये स्टिकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाचे २,०४८ भाग पाडलेले असतात. आपण अंगठा ‘किंचित’ हलवतो तेव्हा तो किंचितपणा इतक्या बारकाईने टिपला जातो. मग बाकीच्या स्टिक आणि बटणांचे आकडे त्यात मिळवून, वाटेत काही बिघडलं तर कळावं म्हणून पडताळणीची जोड देऊन, एक छोटासा संदेश २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर रवाना होतो. तीनशे मीटर पार करायला त्याला एक मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

विमानातला रिसीव्हर हा संदेश उलगडतो आणि प्रत्येक सर्व्होला, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या यंत्राला, त्याच्या वाट्याचा आकडा विजेच्या एका ठोक्याच्या रूपात देतो. ठोका किती वेळ टिकला, यातच सगळा अर्थ आहे. १,५०० मायक्रोसेकंद टिकला तर ‘मध्ये थांब’. १,००० म्हणजे एक टोक, २,००० म्हणजे दुसरं टोक. साध्या सर्व्होला असे ठोके सेकंदाला पन्नास वेळा मिळतात. सर्व्होच्या पोटात एक छोटी मोटर, दातेरी चाकांची रांग आणि आपला दांडा सध्या कुठे आहे ते सांगणारा एक पोटेन्शिओमीटर असतो. आहे ती जागा आणि हवी ती जागा यांत फरक दिसला की मोटर फिरते, फरक मिटला की थांबते. हजार मायक्रोसेकंदांत दांडा साधारण नव्वद अंश फिरतो. म्हणजे एका मायक्रोसेकंदाचा फरक अंशाच्या अकराव्या भागाएवढा. लहरीला तीनशे मीटर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ इथे दांड्याच्या एका सूक्ष्म सरकण्याचं माप बनतो. हा योगायोग लक्षात आला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

अंगठा हलल्यापासून दांडा हलू लागेपर्यंतचा हा सगळा प्रवास चांगल्या ट्रान्समीटरमध्ये सेकंदाच्या काही शतांशांत उरकतो. डोळ्यांनी पाहून अंगठा हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ताशी ७२ किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात चार मीटर पुढे गेलेलं असतं. या साखळीत सर्वांत संथ आपणच आहोत.

आता खरी गंमत. कारखान्यातून आलेल्या ट्रान्समीटरला विमान म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याला पंख माहीत नाहीत, शेपटी माहीत नाही, कोणती वायर कुठल्या सर्व्होला गेली आहे हे माहीत नाही. चार पंख्यांचा ड्रोन, ग्लायडर, हेलिकॉप्टर, सगळे त्याच्या लेखी सारखे. उडवणारे ज्याला ‘रेडिओ सेट करणं’ म्हणतात, ते काम म्हणजे एका विशिष्ट विमानाचं शरीर त्या पेटीला समजावून सांगणं. कुठली पट्टी कुठे वळते, किती वळते, कुणाबरोबर वळते, आणि आपला आवाज ऐकू येईनासा झाला तर काय करायचं, हे सगळं विमान जमिनीवर असतानाच ठरवावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की निम्मं उड्डाण इथेच होतं.

रेडिओने दूरवरून यंत्र हाकण्याची ही सोय आली कुठून, तेही पाहू. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी नाव सोडली आणि तारेशिवाय चालवून दाखवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला तिचं पेटंट मिळालं. हौशी मंडळींच्या छोट्या विमानाला हे जमायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कलामाझू गावी, वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं उडवणाऱ्याच्या हाती स्टिक नव्हती, एक बटण होतं. विमानात रबराच्या पिळावर चालणारी एस्केपमेंट नावाची यंत्रणा असे. बटण दाबलं की रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, पूर्ण उजवीकडे, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की पूर्ण डावीकडे. ‘थोडंसं उजवीकडे’ असं म्हणायची सोयच नव्हती. शिवाय मागच्या वेळी कुठली बाजू झाली होती हे डोक्यात ठेवावं लागे, कारण पुढची पाळी दुसऱ्या बाजूची. असं विमान उडवून ज्यांनी ते सुखरूप परत आणलं, त्यांच्या धीराला मी मनापासून मानतो. स्टिक जितकी हलेल तितकीच पट्टी वळेल, ही आज गृहीत धरलेली गोष्ट सर्रास हाती आली ती १९६० च्या दशकात.

दुसरी अडचण गर्दीची होती. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ, युरोपात ३५ मेगाहर्ट्झ अशा पट्ट्यांतले ठरावीक चॅनेल या छंदासाठी राखलेले असत. प्रत्येक ट्रान्समीटरमध्ये एका चॅनेलचा क्रिस्टल. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला, की हवेत असलेलं विमान कुणाचंच राहत नसे. म्हणून मैदानावर एक फळा असे, त्यावर चॅनेलच्या आकड्यांच्या क्लिपा. ज्याच्याकडे क्लिप त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. जुनी मंडळी अजून त्या फळ्याच्या आठवणी काढतात.

यातून सुटका करणाऱ्या कल्पनेच्या पूर्वजांमध्ये एक सिनेनटी आहे. व्हिएन्नात जन्मलेली आणि हॉलिवूडमध्ये गाजलेली हेडी लमार हिने जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर १९४२ मध्ये एक पेटंट मिळवलं. पाण्याखालून जाणाऱ्या टॉर्पेडोला रेडिओने दिशा देताना शत्रूने गोंगाट करून संदेश बुडवू नये, म्हणून पाठवणारा आणि ऐकणारा यांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने लहर बदलत राहायचं, ही त्यामागची युक्ती. क्रम जुळावा म्हणून दोन्हीकडे भोकं पाडलेली सारखीच कागदी गुंडाळी, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी. लहरीही पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८. अमेरिकी नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही. पण चालत्या वाहनाला रेडिओने हाकताना लहर बदलत राहायची ही कल्पना आज कुठल्याही मैदानावर रोज राबते आहे. हल्लीचे बहुतेक ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सतत उड्या मारत असतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच नांदतात. एखादी उडी कुणाच्या गोंगाटात पडली तरी पुढची मोकळ्या जागी पडते, आणि एकाच मैदानावर अनेक विमानं सुखाने उडतात.

या गर्दीत आपला ट्रान्समीटर ओळखता यावा, म्हणून नव्या विमानाचं पहिलं काम ‘बाइंड’ करणं. रिसीव्हरवरचं बारीक बटण दाबून धरायचं, ट्रान्समीटरवर बाइंड निवडायचं, आणि लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की दोघांची ओळख पटली. प्रत्येक ट्रान्समीटरचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. रिसीव्हर तो लक्षात ठेवतो आणि यापुढे फक्त त्याचंच ऐकतो.

आता टेबलावर समोर एक विमान ठेवू. फोमचं, चार चॅनेलचं, म्हणजे चार स्वतंत्र आदेशांवर चालणारं ट्रेनर. पंख धडाच्या वर, लांबी सव्वा मीटरच्या आसपास, नाकावर विजेची मोटर. सर्वांत आधी प्रोपेलर काढून बाजूला ठेवायचा. सेटिंग करताना थ्रॉटलची, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या आदेशाची, दिशा उलटी निघाली तर मोटर क्षणात पूर्ण वेगाने फिरते आणि बोटांची खैर नसते. मग आधी ट्रान्समीटर चालू, नंतर विमानाची बॅटरी. बंद करताना याच्या उलट. ट्रान्समीटरच्या मेमरीत नव्या विमानासाठी स्वतंत्र जागा उघडून तिला नाव द्यायचं.

कुठली स्टिक काय करणार हा रिवाजाचा प्रश्न आहे. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजवीवर एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, आणि एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे जातो. जपानमध्ये मोड १ रुळलेला आहे, अमेरिकेत मोड २. दोन्हींचे अभिमानी आहेत. नवशिक्याने आपल्याला शिकवणारा जो वापरतो तोच घ्यावा, वाद घालू नये.

यानंतर बहुतेकांचे हात थेट स्क्रीनकडे वळतात. तिथेच थोडं थांबायला हवं. आधी सर्व्होचा दांडा पाहा. स्टिक मध्ये, मध्य किंचित सरकवणारी ‘ट्रिम’ची कळ शून्यावर, आणि दांडा सर्व्होच्या अंगाशी काटकोनात हवा. दांडा बसतो त्या खुंटीवर बारीक दाते असतात. पंचवीस दाते असतील तर एक दाता पुढे-मागे बसवला की १४.४ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे अगदी नेमका काटकोन क्वचितच मिळतो. सर्वांत जवळचा दाता निवडायचा, पट्टी सरळ येईल अशी, दांड्यापासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या पुशरॉडची लांबी फिरवून जुळवायची, आणि उरलेला एखाद-दोन अंशांचा फरक तेवढा ट्रान्समीटरमधल्या ‘सबट्रिम’ने, म्हणजे सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या आकड्याने, काढायचा. सगळाच वाकडेपणा सबट्रिमने झाकला, तर एका बाजूला सर्व्होची धाव आधीच संपते, आणि पट्टी डावीकडे जितकी जाते तितकी उजवीकडे जात नाही. हाताने होणारं काम हातानेच करावं, आकड्यांनी ते झाकू नये, हे या छंदातल्या जाणत्यांचं मत मला शंभर टक्के पटतं.

आता दिशा. विमानाच्या मागे, शेपटीकडून नाकाकडे पाहत उभं राहायचं. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे: एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे: रडरची मागची कड उजवीकडे. एखादं उलटं निघालं तर ‘रिव्हर्स’ची एक कळ. काम दोन मिनिटांचं. पण एलेरॉन उलटे राहिले, तर विमान जमीन सोडून कलायला लागतं, उडवणारा सवयीने सावरायला जातो, ते आणखी कलतं, आणि सगळं तिथेच संपतं. मोठ्या विमानांचे वैमानिकही उड्डाणाआधी पट्ट्या मोकळ्या आहेत आणि योग्य दिशेला वळतात हे पाहतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन इथे बोइंगचं मॉडेल २९९ हे नवंकोरं बॉम्बर विमान उडालं आणि लगेच कोसळलं. जमिनीवर वाऱ्याने शेपटीच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेला खटका काढायचा राहून गेला होता. वैमानिकांच्या हातात छापील चेकलिस्ट आली ती त्या अपघातानंतर.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कळीने सुटत नाही. विमान आपल्यापासून दूर जाताना त्याची उजवी बाजू आणि आपली उजवी बाजू एकच असते. ते वळून आपल्याकडे यायला लागलं, की त्याचं उजवं आपल्याला डावं दिसतं आणि मेंदू गोंधळतो. यावर एक सुंदर युक्ती आहे. येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसेल, स्टिक त्याच बाजूला न्यायची. खालच्या पंखाला टेकू दिल्यासारखी. पंख वर येतो. उजवं-डावं आठवायची गरजच उरत नाही.

दिशेनंतर मर्यादा. पट्टी किती मिलिमीटर वळावी हे विमानाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. फुटपट्टी लावून मोजायचं आणि ‘एंड पॉइंट’चे आकडे बसवायचे. वेगवेगळ्या वेळी वेगळी धाव हवी असेल तर ‘ड्युअल रेट’ची कळ आहे, त्यात समजावण्यासारखं फारसं नाही. खरं सौंदर्य आहे ते ‘एक्स्पो’त.

अडचण अशी की वेगात सरळ उडताना अंगठ्याची बारीकशी थरथरही विमानाला झोके देते, पण उतरताना अचानक वारा आला तर पूर्ण ताकद लागते. मधल्या भागात मवाळ आणि टोकाला पूर्ण कडक, असं वागणं एकाच स्टिककडून कसं मिळवायचं? उत्तर शाळेतल्या बीजगणितात आहे. तीस टक्के एक्स्पो हवा असेल, तर स्टिकच्या आकड्याचा सत्तर टक्के भाग घ्यायचा आणि त्यात त्याच आकड्याच्या घनाचा तीस टक्के भाग मिळवायचा. करून पाहा. स्टिक एक दशांश हलवली, तर घन एक सहस्रांश, अगदी नगण्य, म्हणून पट्टी जाते जेमतेम सात टक्के. स्टिक निम्मी नेली तर पट्टी सुमारे ३९ टक्के. स्टिक पूर्ण नेली, की एकाचा घन एकच, म्हणून पट्टी पूर्ण शंभर टक्के. ऋण आकड्याचा घन ऋणच राहतो, म्हणून डाव्या बाजूलाही वेगळं काही न सांगता हेच घडतं. सगळे ट्रान्समीटर नेमकं हेच सूत्र वापरतात असं नाही, पण वळण असंच असतं. ‘घनाचा व्यवहारात काय उपयोग’ असं विचारणाऱ्या मुलाच्या हातात हा ट्रान्समीटर द्यावा, आधी एक्स्पो शून्य ठेवून आणि मग तीस करून. त्याच्या अंगठ्यालाच उत्तर मिळेल.

इथे एक सावधगिरी. फुताबाच्या ट्रान्समीटरमध्ये स्टिक मवाळ करायला एक्स्पोचा आकडा ऋण द्यावा लागतो, तर स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरमध्ये धन. एका कंपनीची सवय घेऊन दुसरीचा ट्रान्समीटर हाती घेतला आणि खूण तपासली नाही, तर मधला भाग मवाळ होण्याऐवजी भलताच तिखट होतो. स्क्रीनवर वक्र रेषा काढून दाखवलेली असते. मध्यावर ती आडवी पडायला हवी, एवढं पाहून पुढे जावं.

आणि आता ‘मिक्सिंग’. या पानावर आलं की मला थेट राइट बंधूंच्या किटी हॉकची वाळू दिसते. विमान उजवीकडे कलवायचं तर डावा एलेरॉन खाली जातो आणि डाव्या पंखाची उचल वाढते. पण उचल वाढली की तिच्याबरोबर हवेचा रोधही वाढतो, आणि तो डाव्या पंखाला मागे ओढतो. परिणामी विमान उजवीकडे कलतं आणि नाक मात्र डावीकडे जातं. राइट बंधूंना १९०१ च्या ग्लायडरवर या विचित्र वागण्याने हैराण केलं. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे उभी शेपटी लावली, तीही सुरुवातीला पुरेना. मग ऑरव्हिलने ती हलती करायचं सुचवलं, आणि विल्बरने तिच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडायचं. पालथं झोपलेल्या वैमानिकाने कंबर हलवली की पंख पिळायचे आणि शेपटीही आपोआप वळायची. पुढे १९०५ मध्ये त्यांनी ही जोडणी सोडवून शेपटी स्वतंत्र केली.

ट्रान्समीटरच्या मेनूत ‘एलेरॉन ते रडर मिक्स’ अशी जी ओळ असते, ती म्हणजे राइट बंधूंची १९०२ सालची तार. एलेरॉनच्या आकड्याचा वीस-तीस टक्के भाग रडरच्या आकड्यात मिळवायचा, बस. आणि ती तार तोडायचा १९०५ सालचा निर्णय आपण एका खटक्यावर ठेवू शकतो: वर केला की जोडलेली, खाली केला की सुटी. याच दुखण्यावर दुसरा उपाय म्हणजे ‘डिफरन्शियल’. वर जाणारा एलेरॉन बारा मिलिमीटर जाऊ द्यायचा आणि खाली जाणारा सातच, म्हणजे रोधाचं कारणच कमी होतं. ट्रान्समीटरमधून हे करायचं तर दोन एलेरॉनना दोन वेगळे सर्व्हो आणि दोन वेगळे चॅनेल हवेत.

मिक्सिंगची कमाल पाहायची तर शेपटी नसलेलं त्रिकोणी पंखांचं विमान घ्यावं. त्याला एलिव्हेटर नाही आणि एलेरॉनही नाही. मागच्या कडेला फक्त दोन पट्ट्या, आणि दोन्ही कामं त्यांनाच करायची. नाक वर करायला दोन्ही एकदम वर, कलायला एक वर आणि एक खाली. उडवणाऱ्याच्या हातात मात्र नेहमीचीच स्टिक. मधला हिशोब ट्रान्समीटर करतो: उजव्या पट्टीला एलिव्हेटर अधिक एलेरॉन, डाव्या पट्टीला एलिव्हेटर उणे एलेरॉन, दोन्हींना निम्मं-निम्मं वजन. स्टिक पूर्ण मागे आणि पूर्ण उजवीकडे नेली, तर उजव्या पट्टीचा हिशोब पन्नास अधिक पन्नास, म्हणजे शंभर. डावीचा पन्नास उणे पन्नास, म्हणजे शून्य. उजवी पूर्ण वर जाते, डावी जागच्या जागी राहते. निम्मं वजन दिलं नसतं, तर बेरीज दोनशेवर जाऊन पट्टीची धाव आधीच संपली असती. अशा पट्ट्यांना एलेव्हॉन म्हणतात. ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरूच्या आकाशात पहिल्यांदा झेपावलेल्या आपल्या तेजस या लढाऊ विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला एलेव्हॉनच आहेत, आणि वैमानिकाच्या हालचालीवरून कुठली पट्टी किती वळवायची हे तिथेही संगणक ठरवतो. त्याचा हिशोब अर्थातच कितीतरी गुंतागुंतीचा आहे. पण एका स्टिकमधून दोन पट्ट्या वळवण्याची ही बेरीज-वजाबाकी नववीतली मुलगीसुद्धा ट्रान्समीटरवर स्वतः मांडू शकते.

एज-टीएक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये तर हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठतं. ही प्रणाली जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिली आहे. विमानाचं नाव, दिशा, मर्यादा, वक्र रेषा, मिक्स, सगळं उघडून वाचता येतं, मित्राला पाठवता येतं. ट्रान्समीटर बोलतोही, आणि त्याच्या कार्डावरच्या आवाजाच्या फाइली बदलता येतात. कुणी आपल्या आजीच्या आवाजात ‘बॅटरी संपत आली, खाली उतर’ असं मराठीत ध्वनिमुद्रित करून ठेवलं, तर विमान हवेत असताना तेच ऐकू येईल.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. संपर्क तुटला तर? रिसीव्हरला संदेश मिळेनासे झाले की तो ‘फेलसेफ’मध्ये जातो, म्हणजे आधी सांगून ठेवलेलं करतो. काहीच सांगून ठेवलेलं नसेल तर काही रिसीव्हर शेवटचा आदेश तसाच धरून ठेवतात. शेवटचा आदेश पूर्ण थ्रॉटलचा असेल तर विमान पूर्ण वेगाने, कुणाच्याही ताब्यात नसताना, बॅटरी संपेपर्यंत जात राहतं. वाटेत गाव असो, रस्ता असो. म्हणून थ्रॉटल शून्य, एलिव्हेटर जवळजवळ मध्ये, रडर किंचित एका बाजूला, असा फेलसेफ बसवतात. विमान दूर न जाता मोटर बंद करून घिरट्या घालत जवळच उतरतं. आणि हे फक्त स्क्रीनवर बसवून भागत नाही. प्रोपेलर काढलेला असताना थ्रॉटल थोडा वाढवायचा, ट्रान्समीटर चक्क बंद करायचा आणि मोटर थांबते का ते डोळ्यांनी पाहायचं.

त्याच्याच जोडीला रेंज चेक. ट्रान्समीटरमध्ये ताकद मुद्दाम अगदी कमी करायची सोय असते. तशी करून विमानापासून तीसेक पावलं चालत जायचं आणि सगळ्या पट्ट्या ऐकतात का ते पाहायचं. इथे अँटेनाचा विचार करावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि तिचा पाव हिस्सा सुमारे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरमधून बाहेर आलेल्या तारेचं टोक तेवढंच उघडं असतं आणि तेच खरं काम करतं. ते दुमडू नये, कार्बन फायबरच्या आड लपवू नये. दोन तारा असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात, कारण अशी तार आपल्या टोकाच्या दिशेला सर्वांत कमी ऐकते. त्याच कारणाने ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखून धरायचं नसतं, आडवी बाजू दाखवायची असते. नवखा माणूस नेमकं उलट करतो, कारण बोट दाखवावं तसं टोक रोखणं हाताला स्वाभाविक वाटतं.

रेडिओच्या आवाक्यापलीकडे विमान मुद्दाम पाठवणारा एक माणूस होऊन गेला, त्याचं नाव मेनार्ड हिल. वय ७७, दृष्टी जवळजवळ गेलेली, कानांनी अगदी कमी ऐकू येणारं. आधीचे प्रयत्न फसल्यावर ऑगस्ट २००३ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या केप स्पिअरहून त्याच्या चमूने पाच किलोंपेक्षा हलकं, बाल्सा लाकडाचं एक विमान हवेत सोडलं. हातातल्या ट्रान्समीटरने ते वर नेलं आणि मग आतल्या जीपीएसवर चालणाऱ्या यंत्रणेच्या हवाली केलं. ३८ तास ५२ मिनिटांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर आलं, तिथे थांबलेल्या साथीदारांनी ट्रान्समीटरने पुन्हा ताब्यात घेऊन ते उतरवलं. सुमारे ३,०३० किलोमीटर, इंधन एका गॅलनहून कमी. इतक्या लांबच्या प्रवासाची दोन्ही टोकं दोन अंगठ्यांनीच सांभाळली होती.

आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट एरोमॉडेलिंग शिकतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्पर्धांसाठी विमानं बांधतात. ज्यांना घरच्या घरी सुरुवात करायची आहे त्यांनी आधी चांगला ट्रान्समीटर घ्यावा, विमान नंतर. तो यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर हवे तितके अपघात करावेत. विमान आल्यावर मोकळं मैदान शोधावं, आणि त्याआधी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारने जाहीर केलेला हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. विमानतळ जवळ असलेल्या पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तर हे केल्याशिवाय ट्रान्समीटर चालूही करू नये.

आणि ज्यांच्या कपाटात आधीच एखादा ट्रान्समीटर आणि एखादं विमान पडून असेल, त्यांना एकच विनंती. पुढच्या उड्डाणाआधी प्रोपेलर काढा, थ्रॉटल थोडा वाढवा, ट्रान्समीटर बंद करा आणि मोटर थांबते का ते पाहा. थांबली नाही, तर फेलसेफ बसवल्याशिवाय ते विमान घराबाहेर नेऊ नका.